जिन्यावरचं ताट

हाडांच्या दवाखान्यात, एक्स-रेच्या खोलीबाहेर, माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“आत कोण आहे तुमचं?”

“आमचे हे. वरच्या मजल्यावर न्हाणीघरात घसरले. खुबा मोडलाय म्हणतात.”

“अगंबाई. कधी?”

“सोमवारी सकाळी.”

“आज बुधवार आहे.”

“सापडले आज सकाळी.”

“सापडले म्हणजे? घरातच होते ना?”

“तीन मजले, अकरा खोल्या. वरची हाक खाली येत नाही.”

“आणि तुम्ही शोधलं नाहीत?”

“आमचा अबोला चालू होता हो. भांडण झालं की ते वर जाऊन बसतात. मला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. वाटलं, या खेपेला फारच ताणून धरलंय.”

“पण जेवणाचं काय?”

“पाचव्या पायरीवर ताट ठेवते. मी आत गेले की ते खाली येऊन तिथेच जेवतात.”

“मग ताट तसंच राहिलं असेल.”

“कुठलं. दोन्ही दिवस चाटूनपुसून लख्ख. म्हटलं, राग आहे, पण भूक शाबूत आहे.”

“मग जेवलं कोण?”

“आज सकाळी ताट ठेवून मागे वळून पाहिलं, तर मांजर.”

“तुमच्याकडे मांजर आहे?”

“मलाही आजच कळलं.”