चमचाभर लोणी

दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर बहीण-भाऊ बसले होते.

"आत गेल्यावर डॉक्टरांना सांगू नकोस, तू दूध-लोणी खात नाहीस म्हणून."

"का? खरं तेच सांगणार. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. आणि दारू नाही."

"खरं नाहीये ते."

"ताई, थेंबसुद्धा घेतलेला नाही मी!"

"दारूचं नाही रे. तुझ्या भाजीत मी रोज चमचाभर लोणी घालत होते."

"माझ्या? रोज?"

"नुसती हाडं राहिली होती तुझी. माझ्याच्यानं बघवेना."

"ताई, वस्तरा धरला की हात थरथरायचा माझा. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं उठून जायचं. आधी ताटाला लगाम घातला, तेव्हा कुठे बाटली सुटली. दुधाचा चहा सोडला, त्याच्यामागे सिगारेट गेली. एक टाका ढिला पडला की सगळं उसवतं गं."

"पण उसवलं का? लोणी पोटात जात होतं, तरी प्यायला नाहीस."

"मला माहीत नव्हतं म्हणून! आता माहीत झालं ना."

"उठलास कुठे? आपला नंबर येईल आता."

"बाहेर जातोय."

"कोपऱ्यावर ते दारूचं दुकान आहे. पाया पडते तुझ्या, नको जाऊस."

"त्याच्या पलीकडे भांड्यांचं दुकान आहे. पातेलं घेतो. आजपासून माझं मी शिजवीन."

"थांब, मी येते."

"काही गरज नाही. बस तू."

"त्या दुकानावरून एकटा जाशील?"

"चल. आणि हा हात धर. बघ, पुन्हा थरथरायला लागलाय."