विसरला असशील, दादा

नाही हो, तुमची काही चूक नाही — म्हणजे आहे, पण तुम्हाला वाटतेय ती नाही. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय राजीनाम्याच्या तयारीत आहे — इकडे, या प्रिंटरवर बसा, तो कधीच गेलाय, त्याला काही वाटणार नाही. हं, परत सांगा. फोटोंचं पुस्तक लावत होता, दोनशे पानांचं, आणि प्रोग्रॅम गायब. एरर नाही, सूचना नाही, फट्कन गेला. आणि तुम्हाला वाटलं आपलंच बोट कुठेतरी पडलं. सगळ्यांना तसंच वाटतं. यंत्र बिघडलं की चांगला माणूस आधी स्वतःच्या बोटांकडे बघतो. बाकीचे येऊन माझ्यावर ओरडतात. थांबा, मेमरी बघू… चार जीबी. ठीक. आणि स्वॅप — शून्य. शून्य! हे बघा, माझ्या नखाच्या वर. कुणी बंद केलं हे? … तुम्हीच? कशाला? … व्हिडिओत सांगितलं, स्वॅपनं मशीन संथ होतं म्हणून. वा वा. तो सांगून मोकळा झाला, आणि तुमची दोनशे पानं टांगणीला.

आता ऐका, सोपं आहे. मेमरी म्हणजे तुमचं कामाचं टेबल. सगळं त्यावर पसरून काम चालतं. टेबल भरलं की जे आत्ता लागत नाही ते उचलून बाजूच्या कपाटात ठेवायचं, लागलं की परत काढायचं — ते कपाट म्हणजे स्वॅप, डिस्कवरची राखून ठेवलेली जागा. मशीन आपलं आपण पानं ठेवतं, पानं काढतं. त्याला वेळ लागतो का? लागतो. कपाटापर्यंत जावं लागतं ना! पण कपाटच नाही आणि टेबल भरलं, तर मशीन काय करतं माहितेय? टेबलावर सगळ्यात जास्त जागा अडवून कोण बसलंय ते बघतं आणि त्याला मारतं. सरळ. आणि जास्त जागा कोण अडवतं? तुम्ही ज्याच्यावर जीव तोडून काम करताय तोच प्रोग्रॅम. घड्याळ मारणार नाही, कॅलक्युलेटर मारणार नाही — तुमचं पुस्तक मारणार. आणि हसू नका, पण नंतर लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, प्रामाणिकपणे लिहूनही ठेवतं — मेमरी संपली, अमक्याला मारलं. यंत्र खोटं बोलत नाही. तेवढं एक आहे यंत्राचं.

चला, कपाट बांधू. हे करते तोवर बसाल ना? … आधी डिस्कवर चार जीबीची एक फाइल — नुसती जागा, आत काही नाही. मग तिला कुलूप, म्हणजे मशीनच्या मालकाशिवाय कुणी वाचायची नाही. कारण मेमरीतलं काहीही तिथे उतरू शकतं — तुमचा पासवर्डसुद्धा. लोक ही पायरी गाळतात. मी नाही गाळत. मी आता काहीच गाळत नाही. एके काळी फार हुशार होते हो मी, विचारू नका. अर्ध्या हळकुंडानं पिवळी. घरातल्या सगळ्यांची मशीनं मीच बघायची, आणि बघायची म्हणजे काय, हात लावल्याशिवाय राहायचं नाही. तुमच्या त्या व्हिडिओतल्या गृहस्थासारखी — कळलं का, मी त्याला नावं ठेवतेय खरी, पण हेच ज्ञान मीही पाजळलं होतं. माझ्या सख्ख्या भावावर.

दादा पूल आखायचा. मोठाले नाही — पायी जायचे, कालव्यावरचे, ओढ्यावरचे. आमच्या इथल्या कालव्यावर पूल नव्हता, शाळेची पोरं पाऊण तास वळसा घालून जायची, आणि त्यासाठी स्पर्धा निघाली: आराखडे पाठवा, निवडू तो बांधू. दादानं चार महिने घातले त्यात. काय सुंदर होता हो! मधे जरा रुंद केला होता, पोरं थांबून पाण्यात वाकून बघणारच, म्हणाला, तर निदान धक्काबुक्की नको. शेवटच्या आठवड्यात म्हणाला, मशीन फार रडतंय गं. मी गेले, पाच मिनिटांत स्वॅप बंद केला, म्हटलं बघ आता कसं पळतंय. आणि पळालं! खरंच पळालं. वहिनीनं माझं कौतुक केलं, मी दोन दिवस हवेत. मग शेवटचा दिवस — पाचपर्यंत पाठवायचं होतं. दुपारी मला फोन. आवाज असा खाली गेलेला — अगं, आराखडा उघडत नाही. मी धावत गेले. फाइल होती, पण आत काही नव्हतं. शून्य. दादा नुसता म्हणतोय, मी एक वाजता सेव्ह केलं होतं, मला आठवतंय, मी एक वाजता सेव्ह केलं होतं. मी लॉग उघडला. तिथे ओळ होती — एक वाजून चार मिनिटं, मेमरी संपली, प्रोग्रॅम मारला. तो सेव्ह करत असताना मारला. कपाट मी काढून टाकलेलं.

आणि मी काय म्हटलं सांगू? म्हटलं, "सेव्ह करायला विसरला असशील, दादा."

…हं, हे स्वॅप म्हणून आखून झालं. आता चालू करते. बघा, चार जीबी दिसायला लागले. — नाही, मुद्दाम नाही म्हटलं. म्हणजे तोंडातून निघून गेलं. पण तुम्हाला माहीत नाही, बाजूच्या खोलीत बाबा बसलेले. बाबांना तेव्हा नुकतंच विसरायला होऊ लागलं होतं. दर दहा मिनिटांनी विचारायचे, आज वार कोणता. मी ते वाक्य बोलले तेव्हाही विचारलं त्यांनी. आणि दादानं त्या खोलीच्या दाराकडे बघितलं. ते मी पाहिलं. तेव्हाच बोलायला हवं होतं ना? नाही बोलले. उद्या सांगू म्हटलं. उद्याचं परवा, परवाचं… तुम्हाला माहितेय कसं असतं. 

दादानं घरभर स्वतःसाठी चिठ्ठ्या लावल्या. गॅस बंद केला का. चावी कुठे. सेव्ह कर — ही मॉनिटरच्या कोपऱ्यावर. मला वाटलं, चांगली सवय आहे. असं वाटून घेतलं मी! मग त्यानं काम सोडलं. वहिनीला म्हणाला, माझ्या हिशेबात एखादा आकडा सुटायचा आणि माझ्या हातून पूल पडायचा, पोरांसकट. दोन वर्षं फरशीच्या दुकानात नमुने दाखवत बसला — एवढा माणूस! आणि त्या कालव्यावर दुसऱ्याच कुणाचा पूल झाला, मी रोज त्याच्यावरून इथे येते. अरुंद आहे. पोरं धक्काबुक्की करतात.

आता ही एक ओळ, ही महत्त्वाची — मशीन सुरू होताना एक यादी वाचतं, तिच्यात स्वॅपचं नाव नोंदवावं लागतं. नाहीतर आज बंद केलंत की उद्या पुन्हा शून्य. आणि हा आकडा साठचा दहा करते, म्हणजे अगदी गळ्याशी आल्याशिवाय कपाटाकडे जाणार नाही. संथपणाची तक्रार संपली. … काय? … हो, सांगितलं ना. सांगितलं शेवटी. त्यानं स्मरणशक्तीच्या तपासणीची वेळ घेतली आणि मलाच म्हणाला, सोबत येशील का, तुझ्या वहिनीला घाबरवायला नको. तिथल्या बाकावर बसून तयारी करत होता — शंभरातून सात, त्र्याण्णव. त्र्याण्णवातून सात, शहाऐंशी — हळू आवाजात, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. एकोणऐंशीवर अडकला. पुन्हा शंभरापासून सुरू केलं. आणि मी म्हटलं, दादा, तू विसरला नव्हतास. सगळं सांगितलं. स्वॅप, लॉग, एक वाजून चार मिनिटं. त्यानं एकच विचारलं — "तुला त्याच दिवशी कळलं होतं?" मी हो म्हटलं. तेवढ्यात आतून हाक आली. मला वाटलं उठून घरी जाईल. नाही. आत गेला, तपासणी दिली, बाहेर आला. तीसपैकी तीस. तो कागद माझ्या हातात दिला आणि चालत निघून गेला. मी कागद धरून बसलेली. पुढचा पेशंट विचारतो, ताई, तुमचा नंबर कितवा.

सात महिने झाले. बोलत नाही. बरोबरच आहे त्याचं. त्याच्या जागी मी असते तर मीही नसते बोलले. वहिनी सांगते, चिठ्ठ्या काढल्यात सगळ्या, भिंतीवर चिकटपट्टीचे डाग राहिलेत. ड्रॉइंगचा फळा माळ्यावरून खाली आलाय. काय काढतो ते दाखवत नाही, पण काढतो. — रीस्टार्ट करते हं एकदा, खात्री केल्याशिवाय मी हातात देत नाही… आलं. स्वॅप जागेवर. उघडा तुमचं पुस्तक. उघडा, उघडा, सगळे फोटो येऊ देत. बघा, जिवंत आहे.

काय म्हणालात? … फोन? करते की. दर रविवारी करते. उचलतो तो — उचलतो आणि न बोलता बाबांच्या कानाला लावतो. बाबा विचारतात, कोण? मी म्हणते, बाबा, मी, धाकटी. ते म्हणतात, बरं बरं, आणि विचारतात, आज वार कोणता. मी म्हणते, रविवार. आणि गेल्या रविवारी मागून आवाज आला, दादाचा — लांबून, वैतागल्यासारखा — "बाबा, तिला विचारा, जेवलीस का."

… 

काही नाही, या पंख्यानं धूळ उडते सगळी. घ्या तुमचं मशीन. चार्जर विसरू नका. आणि ते दार नुसतं लोटू नका, ओढून घ्या, नाहीतर उघडं राहतं — हां, तसंच. या आता.