शिंक्यातला महिपती

गेलेल्या माणसावर माया किती करावी?

हा माझा आजचा सवाल आहे, मंडळी! माया करावी का, असं विचारत नाही. करावीच! पण किती? कुठवर? आणि कुणाच्या ताटातला घास काढून? — ते विचारतोय. मागच्या मंडळींनी पान-तंबाखूच्या चंच्या आवरा. आख्यान भोपळ्याचं आहे. हसलात? हसून घ्या. पुढं हसू येणार नाही.

मोरखिंड नावाची वाडी. डोंगराच्या पोटाला चिकटलेली, चार उंबरे इकडं, चार तिकडं. तिथं सगुणा नावाची एक बाई नांदत होती. घरात नवरा महिपती, सासू ठकूबाई आणि दुधाचे दात पडायला लागलेली पोर, इंदी. धाकटा दीर शिदू शेजारीच, पण चूल वेगळी.

महिपतीनं त्या साली परसात, जुन्या उकिरड्यावर भोपळ्याच्या बिया टोचल्या. वेल असा माजला, की गोठ्याचं छप्पर झाकून गेलं. पिवळीधमक फुलं आली — आणि गळाली! इंदीनं भोकाड पसरलं. महिपती म्हणाला, "येडे, ही गडीफुलं! भपका लई, फळ न्हाई. बाईफूल येऊ दे. त्याच्या बुडाशी बघ, जल्मताना लेकरू कडंवर घिऊनच येतंय."

बायांनो, हसा! गड्यांनो, आपापलं फूल ओळखा!

मग बाईफूल आलं. लिंबाएवढं फळ धरलं. महिपतीनं इंदीला खांद्यावर घेतलं, बाभळीचा काटा घेतला, आणि त्या कोवळ्या सालीवर ओरखडे काढले. दोन डोळे, नाक, तोंड. "हे कोण?" पोर म्हणाली, "बा!" आणि दोघं हसली.

कोवळ्या सालीवरचा ओरखडा बुजत नाही, मंडळी. तो फळाबरोबर वाढतो.

त्याच आठवड्यात महिपती ओढ्यापलीकडं गेला. वर डोंगरात ढग फुटला, लोंढा आला. वाडीनं खालपर्यंत काठ धुंडाळला. पागोटं सापडलं. माणूस सापडला नाही.

आई रडली. बायको रडली. आणि परसात — तो चेहरा वाढत होता! लिंबाएवढा होता तो नारळाएवढा झाला, नारळाएवढा होता तो घागरीएवढा. ओरखडे सुजून पांढरे, जाड झाले, ओठांसारखे. फळ डाव्या अंगानं जास्त फुगलं, म्हणून तोंड डावीकडं वर गेलं. महिपतीसुद्धा डावीकडंच हसायचा. सगुणा पाण्याला जाताना त्या बाजूला बघायचं टाळायची. पण पाठीला कळायचं — कुणीतरी बघतंय.

कार्तिकात वेल वाळला. सगुणानं फळं देठासकट तोडली, ऊन दाखवलं, माळ्यावर पेंढ्यात एकाला एक न टेकवता मांडली. भोपळा असा ठेवला की शिमग्यापार टिकतो. हे तिला शिकवलं कुणी? सासूनंच! त्या सासूनं चेहऱ्याचं फळ पदरात घेतलं आणि म्हणाली, "ह्याला माळ्यावर न्हाई. माज्यापाशी."

माजघरात, तिच्या अंथरुणाच्या वर शिंकं टांगलं. शिंक्यात तो. रोज सकाळी त्याला तांब्याभर कढत पाण्यानं आंघोळ! भोपळ्याला पाणी लागलं की भोपळा गेला, हे ठाऊक असलेली बाई! अंग पुसायची, कपाळाला बुक्का लावायची, खाली ताट वाढायची. "जेव, बाबा." आणि वाट बघत बसायची. ताटावर माश्या बसायच्या. भाकरी वातड व्हायची. मग ते ताट गाईला. म्हातारी तशीच उठायची — "लेकाच्या आधी आई जेवती व्हय?"

आणि वाडी काय करत होती? वाडी नारळ घेऊन येत होती! "महिपतीबाबा, म्हस गाभण ऱ्हाऊ दे!" अरे, तो जिवंत असताना तुम्ही त्याला कधी तंबाखू दिलीत का रे? या घरची म्हातारी वाळत चाललीय, हे एकाला दिसलं नाही. भोपळ्याचं हसू मात्र सगळ्यांना दिसलं!

एके दिवशी भरदुपारी सगुणा रानातनं आली. घर गप्प. कोंबडीसुद्धा कुठं नाही. आणि माजघरातनं इंदीचा आवाज. बोलायची, थांबायची. पुन्हा बोलायची, पुन्हा थांबायची. समोरचं कुणी उत्तर देत असल्यासारखी!

"कुणासंगं बोलतीस गं?"

"बासंगं."

सगुणा जवळ सरकली. "काय... काय म्हणतोय?"

"म्हणतोय, आत लई अंधार हाय. हात हलवाया जागा न्हाई."

सगुणानं शिंक्याला कान लावला. मंडळी, हसत होतात ना मघाशी? — आत काहीतरी सरकलं. खर्रर्र... नखानं भिंत खरडल्यासारखं. आणि त्या ओठांच्या फटीतनं एक थेंब निघाला, तांबूस, चिकट, आणि म्हातारीच्या उशीवर टपकन पडला.

"लाळ गळतीया," ठकूबाई कोपऱ्यातनं म्हणाली. "भूक लागलीया माज्या बाळाला. जेवत का न्हाई ठावं हाय? लेक त्याच्याआधी जेवती म्हणून!"

त्या दिवसापासनं इंदीनं घास सोडला. सगुणानं मारलं, विनवलं, तोंडात कोंबलं. पोर थुंकायची. "बा जेवला की जेवीन." डोळे खोल गेले. चालताना भिंत धरायला लागली. आता कळलं? थेंब सांडत होता शिंक्यातनं, पण संपत होती पोर!

आता आपली एक रीत ऐका. अख्खा भोपळा बाईनं फोडायचा नाही. का? तर भोपळा म्हणजे घरातला थोरला लेक! पहिला घाव गड्यानं घालायचा. मग चिरायचा बाईनं, शिजवायचा बाईनं, खरकटं काढायचं बाईनं. गड्याचं काम एक घाव! आणि जेवताना म्हणायचं, मीठ कमी पडलंय!

सगुणा कोयता घेऊन शिदूच्या दारात गेली. "भावजी, एक घाव घाला. पोर मरंल माजी."

शिदूनं कोयता बघितला आणि मागं सरला. "वयनी, डोकं फिरलं का? त्यो दादा हाय! सख्ख्या भावाच्या टाळक्यात कोयता घालू?"

"आन् पोर?"

"पोरीला अंगारा लाव."

चार उंबरे फिरली. एकानं पाठ धरली, एकानं देवाचं नाव धरलं, एकजण खाटेवर झोपूनच राहिला, डोळे उघडे ठेवून! मिशीला पीळ देणारे गडी सगळे. एका फळाला भ्याले.

सगुणा परत आली. उंबऱ्यातच इंदी पडलेली, निवत चाललेली, ओठ पांढरे. बस्स. तिनं पोरीला भिंतीला टेकवून बसवलं आणि शिंक्यातनं भोपळा खाली उतरवला. म्हातारी झेपावली, मनगटाला लटकली. अंगात बळ कुठनं आलं कोण जाणे!

"रांडं, माज्या लेकाला मारतीस?"

"तुमचा लेक ओढ्यानं न्हेला, आत्याबाई! माजी लेक ह्ये शिंकं न्हेतंय. सोडा हात!"

आणि घातला घाव — त्या हसऱ्या तोंडावरच!

हुस्स्स... आतनं लांब श्वास सुटला. कोंडलेला, आंबूस, गरम. माजघर भरून गेलं. म्हातारीचा हात सुटला. भोपळा दोन बाजूंना उकलला.

आत बोटं होती!

पांढरीफटक, लांब, एकमेकांत गुंतलेली. सगुणाच्या हातनं कोयता गळाला. मग तिनं नीट बघितलं. बिया, मंडळी! रोजच्या आंघोळीनं, चुलीच्या उबेनं आतल्या बिया आतच रुजल्या होत्या. कोंब फुटले होते, आणि उजेड शोधत सालीच्या आतल्या अंगाला टेकून, वळून, गुंडाळून बसले होते. वाट मिळत नव्हती त्यांना.

ठकूबाई गुडघ्यावर आली. "बोलला! ऐकलास? जाताना बोलला त्यो! काय म्हणाला गं?"

खोटं किती सोपं होतं! 'जेवा म्हणाला' — एवढं सांगितलं असतं, तर म्हातारी लगेच जेवली असती. पण उद्यापासनं वाडीनं त्या फोडींची पूजा मांडली असती. सगुणानं तिचा हात धरला.

"काय न्हाई बोलला, आत्याबाई. आता कधीच बोलायचा न्हाई. मी बोलती. जेवा."

तेव्हा कुठं ती म्हातारी रडली. लोंढा आला त्या दिवशी रडली होती, ते वेगळं. हे लेक गेल्याचं रडणं होतं.

सगुणानं त्या कुजक्या फोडी आणि ती बोटं परसात मातीआड केली. माळ्यावरचा एक चांगला भोपळा काढला, स्वतःच फोडला, मेथीदाण्याच्या फोडणीत शिजवला. म्हातारीनं घास घेतला. तो बघून इंदीनं घेतला, मग दुसरा, मग ताट पुढं ओढलं. आणि तिघी जेवत असताना ते रिकामं शिंकं आपोआप एकदा डावीकडं हललं आणि थांबलं. वारा होता का? मला विचारू नका. सगुणानं बघितलं, आणि पोरीला अजून वाढलं.

तिची भीती गेली असं मी म्हणत नाही. भीत भीत वाढलं तिनं. भक्ती म्हणतात ती हीच!

आता तुमच्याकडं वळतो. मान खाली घालू नका! तुमच्या भिंतीवर फोटो आहेत, फोटोला हार आहे, हारापुढं पेढा आहे. चांगलं आहे. आणि त्याच भिंतीखाली कोण बसलंय? विधवा सून, जिला हौसेनं गोड मागायची चोरी. पोर, जिला हसायची चोरी, "बाप जाऊन वर्ष झालं नाही" म्हणून! मेलेल्याचा मान राखता राखता जित्यांना वाळवता, आणि वर माझ्याकडं येऊन पुण्य मागता? मी देत नाही! माझ्याकडं नाही!

आरतीची घाई करू नका. टाळ खाली ठेवा. उठा, घरी जा, आणि जे माणूस तुमच्यासाठी, नाहीतर तुमच्या धाकानं, उपाशी बसलंय, त्याला आधी वाढा. नाव मग घेऊ देवाचं.

तो थांबेल. त्याला सवय आहे.