नवऱ्याच्या हातचा पास्ता

इटलीतल्या बारी शहराच्या इस्पितळात भावाच्या रिपोर्टची वाट बघत बसलेल्या लोरेदानाच्या शेजारी एक म्हातारा डबा मांडीवर घट्ट धरून बसला होता. पलीकडच्या बाईने वासावरूनच ओळखलं.

"सलगमच्या पाल्याचा पास्ता ना, दादा? लसूण करपलाय हो."

"कळतंय मला. जन्मात पहिल्यांदा गॅस पेटवलाय."

"पाला आणि पास्ता एकाच पाण्यात उकळलात ना?"

"नाही, वेगवेगळ्या."

"अरे देवा! मग पास्त्याला चव कुठून येणार? कुणासाठी हे?"

"माझ्या रोझारियासाठी. ऑपरेशनला नऊ दिवस झाले. खात नाही, बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टर म्हणाले, घरचं आवडीचं काही आणून बघा."

"मग लेकीला सांगायचं करायला."

"लेक तिकडे मिलानला. आणि बावन्न वर्षं हिनेच रांधलं. म्हटलं, एकदा तरी आपण रांधावं."

"बरं, जा मग लवकर. गार झाल्यावर आणखी वाईट लागेल."

तो आत गेला. लोरेदानाच्या हातात रिपोर्ट आला, सगळं ठीक होतं, तरी ती उठली नाही. अर्ध्या तासाने म्हातारा बाहेर आला.

"काय झालं, काका?" तिनेच विचारलं.

"शिव्या घातल्या. चांगल्या पाल्याचं वाटोळं केलंस म्हणाली."

"म्हणजे बोलल्या?"

"थांबते कुठे! अर्धा डबा संपवला आणि म्हणाली, 'मी घरी येईपर्यंत माझ्या कढईला हात लावलास तर बघ!'"