कॅमेऱ्यांना घातलेले हार

आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष डॉ. राजेंद्र सर, व्यासपीठावरील मान्यवर, लोणावळ्याच्या आपल्या पुनर्वसन केंद्रातील सर्व कर्मचारी बंधू-भगिनी, मावळातल्या गावोगावहून आलेले पालक आणि ज्यांना निरोप देताना आपल्या सर्वांच्याच जिवावर आलं आहे, त्या अनिताताई, आपणा सर्वांना सविनय नमस्कार.

मी सविता. पवन मावळातल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आणि इथल्या एका पेशंटची, मानसीची, आई. शिक्षिकेच्या हाती माइक दिला की तास संपेपर्यंत ती खाली बसत नाही, हे संयोजक जाणून असावेत. म्हणूनच मला सर्वांत शेवटी, चहाच्या तोंडावर उभं केलंय. तेव्हा ताईंच्या गुणांची उजळणी मी करत नाही, ती आधीच्या वक्त्यांनी केली. मी ताईंच्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. दचकू नका सर, त्यांची परवानगी घेऊनच आले आहे.

ताईंचं काम काय, हे नवीन पालकांसाठी सांगते. तपासणीच्या हॉलमध्ये भिंतींवर कॅमेरे आहेत. मुलांच्या पायांना चकचकीत गोळ्या चिकटवतात, मूल चालतं, कॅमेरे त्या गोळ्या टिपतात आणि पाय कुठे, किती वळतो ते संगणक सांगतो. पण त्याआधी प्रत्येक कॅमेरा नेमका कुठे आहे, कुठल्या कोनात आहे, हे संगणकाला पक्कं ठाऊक हवं. त्यासाठी ताई गोळ्या लावलेली एक काठी हॉलभर हवेत फिरवतात. ह्याला कॅलिब्रेशन म्हणतात. माझ्या सासूबाई पहिल्यांदा ते बघून माझ्या कानात म्हणाल्या, "आगं, ही बाई दृष्ट काढती का काय?" त्यानंतर एखादा कॅमेरा जरासा जरी हलला, तरी सगळं पुन्हा करावं लागतं.

मानसीची पहिली तपासणी झाली त्या वर्षी दसऱ्याला केंद्र बंद होतं. ताई देहूरोडच्या बुद्धविहारात गेल्या होत्या. केंद्रात राखणीला होते आपले शिपाई सीतारामभाऊ. आहेत ना मागे? बसा भाऊ, उभे राहू नका. भाऊंच्या मनात आलं, रुग्णवाहिकेला हार, एक्स-रे मशीनला हार, मग ह्या कॅमेऱ्यांनीच काय घोडं मारलंय? स्टुलावरून हात पोचला त्या दोन कॅमेऱ्यांना त्यांनी फडक्यानं पुसलं, झेंडूचे हार घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन ते उतरवलेही. भक्तीत कसूर नव्हती हो.

त्याच सकाळी आम्ही मानसीला घेऊन आलो, चालताना तिचा डावा पाय आत वळायचा म्हणून. जीप बदलत आलेलो, पोर रडवेली झालेली. एरवी काठी फिरवल्याशिवाय काम सुरू न करणाऱ्या ताईंना तिची दया आली. तिला ताटकळत ठेवायला नको म्हणून त्यांनी आदल्या कॅलिब्रेशनवरच भरवसा ठेवला. रिपोर्ट आला की डाव्या मांडीचं हाड आत वळलंय. हाड कापून सरळ करायचं ठरलं, तारीखही मिळाली. घरी मानसीनं विचारलं, "आई, हाड कापतात म्हणजे लाकूड कापतात तसं?" वर्गभर पोरांच्या प्रश्नांना पुरून उरणारी मी, तिला म्हणाले, आधी जेवून घे.

आणि मग ताईंचा फोन आला. "माझी मोजणी चुकली आहे. आज काठी फिरवली तेव्हा कळलं, दोन कॅमेरे हलले होते. मी सरांना सांगितलंय. मानसीला परत आणाल का?"

मी काय म्हणाले असेन? आभार मानले असतील? अहो, मी भडकले! "माझ्या लेकीचा पाय म्हणजे काय तुमची प्रयोगशाळा आहे का?" ताईंनी सगळं ऐकून घेतलं. हाराबद्दल एक अक्षर काढलं नाही. ते मला पुढे भाऊंनीच सांगितलं. "बाई, कॅमेऱ्याच्या मागं पाकळी घावली तवा मी कबूल झालो, हार मी घातलता. तर ताई म्हन्ल्या, हार तुमी घातला, पर काठी न्हाई फिरवली ती मी."

दुसरी मोजणी झाली. मांडीचं हाड ठीक होतं. दोष पोटरीच्या ताठरलेल्या स्नायूंचा निघाला. सरांनी शस्त्रक्रिया रद्द केली आणि प्लास्टर, ब्रेस आणि कंटाळा येईस्तोवर व्यायाम सांगितला. सासूबाईंनी ताईंचा हात धरून विचारलं, "पोरी, तू सांगितलं नसतंस तर आमाला कुटं कळनार व्हतं?" ताई म्हणाल्या, "आजी, त्याचीच तर मला भीती वाटली."

चूक कबूल करावी, असा सुविचार मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण पकडली गेलेली चूक कबूल करणं वेगळं. जी कधीच कुणाला कळणार नाही, ती आपण होऊन चारचौघांत आणून ठेवणं मला जमलं असतं का? खरं सांगते, मला खात्री नाही.

ताई, नागपूरला नवं केंद्र उभं करायला निघालात. तिथल्या आयांना तुम्ही मिळताय, ह्याचा मला आनंद आहे आणि थोडा हेवाही वाटतो.

मला बोलू दिलंत, शांतपणे ऐकून घेतलंत, मी आपली ऋणी आहे. बोलताना कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. एक चूक मात्र माझ्या पदरची आहे. मानसीला आज इथं आणायला हवं होतं, पण ती आली नाही. शाळेची सहल कार्ल्याच्या लेण्यांना गेली आहे. पायऱ्या फार आहेत, म्हणून मी नको म्हणत होते. ती म्हणाली, "हळूहळू चढेन. ताईंना सांग, त्या रागावणार नाहीत."

ताई, तेवढं पोटात घाला. धन्यवाद.