दोन्हीकडं सारखं

दोन्हीकडं सारखं होतं म्हणाला, आता तुमीच सांगा, ह्याला सारखं म्हणत्यात व्हय? मला काय करायचंय म्हणा, पण खोली माझी, भाडेकरू माझा, आन् कुंपणापलीकडं मेंढरं घेऊन ऱ्हाणारा नाथा माझा शेजारी, मग माझ्याबिगर बोलणार कोण?

तर ह्या नाथाकडं काडेपेटीएवढा गाण्याचा प्लेयर. म्होरच्या मेंढीच्या गळ्यात बांधायचा. त्यात त्याच्या बापाची, सिद्धनाथाची हाक भरलेली. म्हातारा गेल्या साली गेला, पण हाक वाजली की मेंढरं निमूट डोंगराला लागायची, आन् राजाबाई, नाथाची आई, चुलीपाशी ऐकत बसायची. हातातला चहा पार गार व्हायचा... कुंपणावरनं दिसतं ना मला.

आता हाकेच्या आधी त्यात भलतीच गाणी लागायची. मी म्हणलं, आमचा भाडेकरू निरंजन हितंच माण गावात आयटी कंपनीत हाय, दे त्याच्याकडं. तर निरंजन म्हणतो, "काकू, प्लेयरच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टुकार असतं. माझ्याकडे दुसरं आहे, फुकटातलं, सगळी लायब्ररी नीट लावतं. सिंक केलं की कॉम्प्युटर आणि प्लेयर, दोन्हीकडे सारखं!" वायर खुपसली, हिरवी पट्टी सरकली, झालं म्हणाला.

सकाळी मेंढीच्या गळ्यातनं निघालं काय, तर धाडधाड बाजा आन् एक बाई वरडतीया, कम ऑन, कम ऑन... निरंजनची व्यायामाची गाणी! मेंढरं जागची हलंनात, एक बोकड तेवढा माझ्या मेथीत शिरला.

तशीच गेले खोलीवर. डोळं चोळत निरंजन म्हणतो, "हाक कॉम्प्युटरवर नव्हती ना काकू, म्हणून प्लेयरमधूनही उडाली." आरं, सारखंच करायचं हुतं, तर तुझा कॉम्प्युटर का न्हाई झाला नाथाच्या प्लेयरसारखा? दर वक्ताला आमीच का तुमच्यासारखं व्हायचं? रानं झाली तुमच्यासारखी, रस्तं झालं, चहाबी झाला, आता मेलेला म्हाताराबी?  मग पोरानं उडालेलं परत आणायला आणखी एक सॉफ्टवेअर लावलं, त्यानं काढली निरंजनचीच जुनी चार गाणी.

मला काय करायचंय म्हणा, पण नाथा डोकं धरून दगडावर बसलेला बघवंना.

तवर राजाबाई उठली. पदर खोचला, तोंडाशी हात धरला, आन् घातली हाक. सिद्धनाथाचीच, तसाच हेल, शेवटाला म्हातारा खोकायचा, तो खोकलासुदिक. मेंढरं चालाय लागली.

निरंजन मोबाईल घेऊन धावला, "आजी, परत एकदा, रेकॉर्ड करतो, मग सिंक..."

"नगं बाबा," राजाबाई म्हणाली, "माझ्यापाशीच ऱ्हाऊ दे."

मला काय करायचंय म्हणा... पण आता रोज उजाडायच्या आत म्हातारी माझ्या खिडकीखाली हाक घालती. पलीकडं मेंढरं उठत्यात, अलीकडं निरंजन उठतो, एकदमच. झालं बाबा एकदाचं दोन्हीकडं सारखं.