डोकं खाली जातं म्हणे

…आणि निवड करणाऱ्या बाई मला काय म्हणतात, "चेंडू सोडताना तुझं डोकं खाली जातं." माझं? तुम्हाला सांगते, माझ्यात शंभर खोडी असतील, पण माझं डोकं कधी खाली जात नव्हतं.

मी बेसबॉल खेळते. तारकर्लीत. हसा, हसून घ्या. कॉलेजच्या संघात चेंडू फेकणारी, म्हणजे पिचर, ती मी, आणि ओरोसला जिल्हा संघाची निवड होती, त्यासाठी दोन वर्षं ओल्या वाळूत खांदा मोडून घेतलाय मी. गुरुदास सर रोज करवादणार, "खांदा आधी उघडतेस, कोपर खाली पडतंय, पुढचा पाय कॅचरकडे टाक, तो देवबागला कुठे निघाला?" सर दमले की महादूकाका, ज्यांनी बेसबॉल कधी बघितला नाही पण जन्मभर पाग मारला, म्हणजे ते हाताने फेकायचं गोल जाळं, ते होडीला टेकून सुरू, "अगो, पयलो पाय रोव, मगे कंबर फिरव, हात शेवटाक. तुजो हात आधीच पळता." आणि बाबा? बाबांना त्यातलं काही कळत नाही, पण ऐकून ऐकून सगळं पाठ. घरात इतकं वेड, की मी घास उचलला तरी आई म्हणायची, "कोपर वर." पण डोक्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण ते सरळच होतं.

तर निवडीच्या दिवशी बाबा टेम्पो भरून माणसं घेऊन आले. आता आमच्याकडे होडी पाण्यात ढकला नाहीतर फ्रिज घरात आणा, आधी देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मोठ्याने मागणं घालायचं. मी पाय उचलला, खांदा बंद, कोपर वर, सगळं सर म्हणतात तस्सं… आणि जाळीमागून बाबा, खड्या आवाजात, "बा देवा म्हाराजा, आमच्या चेडवाचो खांदो आधी उघडाक देऊ नको, कोपर खाली पडाक देऊ नको, तेका संघात घे रे म्हाराजा…"

आणि टेम्पोभर माणसं एका सुरात, "व्हय म्हाराजा!"

आता तुम्हीच सांगा, कळायला लागल्यापासून हे ऐकलं की मान खाली जाते आणि हात जुळतात. हातात चेंडू होता म्हणून जुळले नाहीत, एवढंच. चेंडू माझ्याच पुढ्यात आपटला आणि रांगत रांगत कॅचरकडे गेला. दुसऱ्या चेंडूला दुसरं गाऱ्हाणं, कारण पहिल्यात पाय सांगायचा राहिला होता ना. तिसऱ्यानंतर बाई म्हणाल्या, पुरे. तुम्हाला सांगते, माझं डोकं कधी खाली जात नव्हतं हो.

परत येताना टेम्पोत मी हमसून हमसून रडले. गावात शिरल्यावर बाबांनी देवळासमोर टेम्पो थांबवला, चपला काढल्या, मला शेजारी उभं केलं. "बा देवा म्हाराजा, काय चुकला-माकला असात तां पोटात घाल. फुडल्या वर्षी आमी दोन टेम्पो माणसां घेवन ओरोसाक जातलव, तेवडी चेडवाची मान सरळ ठेव रे म्हाराजा…"

पुढचं वर्ष माझं कॉलेजचं शेवटचं. दोन टेम्पो. मी 'नको' म्हणून ओरडणार होते, खरंच ओरडणार होते, तोंड उघडलंसुद्धा… आणि मान खाली गेली, हात जुळले, नि माझाच आवाज मला ऐकू आला, "व्हय म्हाराजा."